शेडगेसाहेबांचं आवर्तन

अंकुशराव शेडग्यांना स्वस्थ बसणं जमत नसे. नोकरीत होते तोवर लोक याला कामसूपणा म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्याचाच जाच व्हायला लागला. तो सोसायला घरात एकटी वैजयंता होती, त्यांची मुलगी. फलटणच्या त्या घरात सकाळपासून काहीतरी हलत असायचं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे यायचं. अंगणातली जास्वंदीची कुंडी उन्हातून सावलीत जायची आणि चहा होईपर्यंत पुन्हा उन्हात यायची. छाती उघडून पुन्हा शिवलेल्या माणसानं कुंड्या उचलू नयेत, हे वैजूनं इतक्यांदा सांगून झालं होतं की आता ती नुसती कुंडीकडे बघायची, मग त्यांच्याकडे बघायची आणि कॉलेजला निघून जायची.

साहेबांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. आता, दोन हजार त्रेचाळीस साली, कालव्याची दारं कुठल्याशा यंत्राच्या हुकमानं आपोआप वरखाली होतात, शेतातली ओल आकाशातून मोजली जाते आणि पाण्यावरून माणसानं माणसाशी भांडायची सोय उरलेली नाही. साहेबांच्या वेळी ती भरपूर होती. कालव्याला बारा महिने पाणी नसतं. धरणातून ते काही दिवस सोडतात, मग बंद करतात. अशा एका फेरीला आवर्तन म्हणतात. आवर्तन सुटलं की कोणाच्या उसाला आधी आणि कोणाच्या कांद्याला नंतर, हे शाखा अभियंता शेडगे ठरवायचे. पाळी चुकली म्हणून लोक त्यांच्या अंगावर धावून आले होते आणि पाळी लवकर मिळाली म्हणून घरी आंब्याच्या पेट्याही आल्या होत्या. पेट्या त्यांनी परत पाठवल्या, त्याबद्दल बायकोनं त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. या सगळ्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. एकाच वाटेच्या भरवशावर राहणारा माणूस मूर्ख असतो. दोन वाटा ठेवाव्यात आणि दोन्ही पाळीपाळीनं वाहत्या ठेवाव्यात.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचं बायपास झालं तेव्हा बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. वैजू गोव्याला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. जहाजावर राहून खोल पाण्यातले प्रवाह मोजायचे, हे तिचं काम. वडिलांच्या आजारपणासाठी रजा काढून आली ती परत गेलीच नाही. फलटणच्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागली. लग्नाचं एका ठिकाणी चाललं होतं, तेही त्या धावपळीत राहून गेलं. कोणी तिला थांब म्हटलं नव्हतं. पण कोणी जा असंही म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणायला घरात साहेबांशिवाय दुसरं होतं कोण?

बायपास म्हणजे काय हे एकदा सांगून टाकलं पाहिजे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून चरबीनं बुजत जातात. शस्त्रक्रियेत बुजलेल्या जागेला वळसा घालून रक्तासाठी नवी वाट काढतात, आणि त्या वाटेचं सामान रुग्णाच्याच अंगातून घेतात. साहेबांना अशा तीन वाटा काढल्या होत्या. हृदयाच्या पुढच्या बाजूला छातीच्या आतली धमनी जोडली, मागच्या बाजूला डाव्या हाताची धमनी आणि उजवीकडे पायातली नीला. या तिघींचा स्वभाव सारखा नाही. नीला जन्मभर मंद दाबाचं रक्त परत नेणारी बिचारी. तिला एकदम धमनीच्या दाबाला जुंपलं की तिची भिंत जाड होते, आत पुटं चढतात आणि दहा वर्षांत अशा वाटांपैकी निम्म्याअधिक बुजून जातात. छातीतली धमनी चिवट; दहातल्या नऊ जणांत ती तेवढ्या काळानंतरही मोकळी सापडते. हातातली धमनी टिकाऊ खरी, पण मानी. जिथं आपली गरज उरली नाही तिथं ती थांबत नाही. मूळची वाहिनी पुरेसं रक्त नेते आहे असं दिसलं की ती हळूहळू आवळत जाते, सुतासारखी होते आणि मिटते.

साहेबांची नीलेची वाट आठव्या वर्षी बुजली, पण उजवीकडे शेजारच्या बारीक वाहिन्यांनी भार उचलला होता. राहिल्या दोन. त्यांची काळजी वैजू करायची. जेवणात मीठ किती, चालणं किती, जिना किती, सगळ्यावर तिचा पहारा. आणि मग, गेल्या वर्षी, ती गोळी आली.

गोळीला दवाखान्यात लांबलचक नाव होतं. फलटणमध्ये तिला खरवडगोळी म्हणत. खरं तर ती काही खरवडत नसे. वाहिनीच्या भिंतीत साचलेली चरबी खायला शरीर आपल्या सफाई कामगार पेशी धाडतंच, पण त्या खाऊन खाऊन तिथंच फुगून बसतात आणि अडथळ्यात स्वतःचीच भर घालतात. गोळी या पेशींना खाल्लेलं घेऊन बाहेर पडायला लावायची. काही महिन्यांत अर्धवट बुजलेली वाहिनी पुन्हा मोकळी व्हायची. अट एकच होती. गोळी रोज घ्यायची, आणि जन्मभर. मध्येच सोडली तर भिंत चिडते आणि पहिल्यापेक्षा जोरानं साचायला लागतं.

डॉ. काझींनी साहेबांना जानेवारीत गोळी सुरू केली आणि एप्रिलमध्ये बंडी घालून तपासलं. ही बंडी म्हणजे त्यांच्या दवाखान्याचा मोठा अभिमान होता. ती अंगात घालून दहा मिनिटं बसलं की आतले बारीक ध्वनियंत्रांचे ठिपके काम करायचे आणि समोरच्या भिंतीवर आपलं हृदय धडधडताना दिसायचं. मूळच्या वाहिन्या निळ्या, जोडलेल्या वाटा केशरी, आणि जेवढं रक्त जास्त तेवढी रेघ जाड. डॉक्टर चाळिशीतले, मोकळ्या बोलण्याचे, आणि रुग्णाला सगळं समजलंच पाहिजे अशा हट्टाचे. त्यांनी मागच्या बाजूची निळी रेघ दाखवली. ती जानेवारीपेक्षा दुप्पट जाड झाली होती. मग तिच्या शेजारची केशरी रेघ दाखवली. ती बारीक व्हायला लागली होती.

"ही हातातली धमनी आता हळूहळू जाईल," डॉक्टर म्हणाले. "जाऊ दे. मूळची वाहते आहे."

"म्हणजे नदीला पाणी आलं की कालवा बुजणार."

डॉक्टरांना हे इतकं आवडलं की त्यांनी टाळी दिली. अगदी तसंच, ते म्हणाले, फक्त इथं गाळ साचून बुजत नाही, धमनी जिवंत असते, ती स्वतःच आवळून घेते आणि एकदा मिटली की पुन्हा उघडत नाही. साहेबांनी त्यातलं 'अगदी तसंच' एवढं घरी आणलं आणि 'फक्त'च्या पुढचं तिथंच सोडलं.

त्या दिवशी संध्याकाळी वैजू स्वयंपाकघरात गुणगुणत होती. अकरा वर्षांत साहेबांनी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी त्यांना कुठंतरी पंखा वाजतोय असं वाटलं. जेवताना तिनं विषय काढला. गोव्याच्या संस्थेचं जहाज सप्टेंबरअखेर दहा महिन्यांसाठी निघणार होतं. यापूर्वी दोनदा त्यांनी विचारलं होतं, दोनदा तिनं नाही म्हटलं होतं. आता शेवटचं, चाळिशी उलटली की जहाजावर घेत नाहीत, आणि तिची येत्या डिसेंबरात उलटणार होती. तुमचं हे असंच चांगलं राहिलं तर जाऊ का, असं तिनं विचारलं. साहेबांनी ताटातली भाकरी मोडली, पुन्हा मोडली, तिचे पार तुकडे केले आणि बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपलं आवर्तन सुरू केलं.

हिशेब त्यांच्या मते बिनचूक होता. दोन आठवडे गोळी घ्यायची, म्हणजे नदी वाहील. दोन आठवडे बंद ठेवायची, म्हणजे नदी जरा आटेल, कालव्याला मागणी येईल आणि तो उघडा राहील. दोन्ही वाटा जिवंत. जगात कुठल्याही डॉक्टरला हे सुचलं नाही, कारण जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं शेजारच्या दोन गावांना एका चारीवरून पाणी दिलेलं नाही. अडचण फक्त डबीची होती. गोळ्यांच्या डबीचं झाकण उघडलं की वैजूच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. पण डबीला झाकणाचं कळत होतं, तोंडाचं काही कळत नव्हतं. बंदच्या आठवड्यांत साहेब झाकण उघडायचे, गोळी मुठीत घ्यायचे आणि जास्वंदीच्या मुळाशी बोटानं दाबून टाकायचे.

हे करताना त्यांना लक्ष्मण मदन्यानं पकडलं. मदने त्यांचा जुना कालवा चौकीदार. आता वेळ जावा म्हणून बॅटरीची रिक्षा चालवायचा आणि रोज चहाला यायचा. साहेबांनी त्याला सगळी योजना समजावून सांगितली. मदन्यानं चहा खाली ठेवला.

"येवढं त्या डॉक्टरला सुचू नये?" तो म्हणाला. "शिकल्याला काय उपेग मग?"

साहेबांना बरं वाटलं. मदन्याला नोकरीतही त्यांचं सगळंच पटायचं, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही. वैजूला मात्र सांगू नकोस, असं त्यांनी त्याला बजावलं. का सांगू नकोस, हे मदन्यानं विचारलं नाही आणि साहेबांनीही स्वतःला विचारलं नाही.

जूनमधली बंडी पाहून डॉक्टर गोंधळले. निळी रेघ एप्रिलपेक्षा जराशी बारीक, केशरीही आणखी बारीक. गोळी वेळेवर चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं, वैजूनं फोनवरच्या हिरव्या खुणांची रांग दाखवली. काहींना हळू लागू पडते, डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, लक्ष ठेवू. घरी आल्यावर वैजूनं पालक निवडायला घेतला. निवडता निवडता, मान वर न करता, ती म्हणाली की गोव्याला नाही म्हणून कळवते. लक्ष ठेवू असं डॉक्टर म्हणत असताना दहा महिने भर समुद्रात कोण जाणार.

इथं एका शब्दाचं काम होतं. जा हा तो शब्द, आणि तो साहेबांना ठाऊक होता. "तुझं तू बघ," ते म्हणाले, आणि त्या दुपारी त्यांनी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

जेवून उठताना त्यांना स्वतःची लाज वाटली. इतका वेळ नदी आणि कालव्याच्या आड लपलेली गोष्ट आता त्यांना समोर दिसत होती. वैजू जाणार नाही म्हणून त्यांना आनंद झाला होता, आणि ती जाणार नाही याचं कारण त्यांनी स्वतःच्या हातानं कुंडीत पुरलं होतं. लाज वाटली, तसं दुसऱ्या दिवशी थांबायला हवं होतं. पण माणसाला आपली लबाडी उमगली म्हणून तो ती लगेच सोडतो थोडाच! त्यांनी सोडली नाही. उलट आता ते अस्वस्थपणे घरभर फिरायचे, दिवसातून चारदा कपाट सरकवायचे, वैजू समोर आली की भलत्याच विषयावर बोलायचे, तिला साडी घे म्हणायचे, डोळे तपासून घे म्हणायचे. गोव्याच्या संस्थेनं तिचा नकार स्वीकारला नाही. खोल पाण्याचं हे काम जाणणारी माणसं थोडी होती. ऑगस्टअखेर पक्कं सांगा, असा त्यांचा निरोप आला. साहेबांनी तो ऐकला, आणि पुढल्या बंदच्या पाळीत दोनाऐवजी तीन आठवडे गोळी जास्वंदीला दिली.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी सकाळी ते कुंडी उचलत असताना त्यांच्या छातीत कोणीतरी मूठ आवळली. जुनी ओळख होती ती. जबड्यात कळ, डावा खांदा जड, कपाळावर गार घाम. वैजूनं धावत येऊन त्यांना खुर्चीत बसवलं, जिभेखाली औषधाचा फवारा मारला आणि मदन्याला फोन केला. बारामती रस्त्यावरच्या दवाखान्यापर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही. रिक्षात ती एकच वाक्य म्हणत होती, आलंच हं, आलंच आता. ते वाक्य त्यांना छातीतल्या कळेपेक्षा जास्त लागत होतं.

दुपारपर्यंत कळ निवळली. डॉक्टरांनी वैजूला बाहेर बसायला सांगितलं आणि भिंतीवर चित्र लावलं. पुढची केशरी रेघ ठणठणीत होती; छातीतल्या धमनीचं काही बिघडलं नव्हतं. मागच्या बाजूला मात्र निळी रेघ मध्येच चिमटा घेतल्यासारखी दबली होती. तिच्या शेजारी केशरी रेघ नव्हतीच. तिच्या जागी सुतासारखं काहीतरी दिसत होतं.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "गोळी सलग घेतली असती तर ही निळी उघडी असती. मुळीच घेतली नसती तर केशरी टिकली असती. दोन्ही जायला एकच गोष्ट करावी लागते, साहेब. ती तुम्ही केलीत का?"

साहेबांनी सांगितलं. आवर्तन, पाळ्या, दोन वाटा. भिंतीवरच्या त्या चित्रासमोर बोलताना ते त्यांना स्वतःलाच पोरकट वाटायला लागलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. कालवा कोरडा पडला तरी वर्षभर वाट बघत पडून राहतो, ते म्हणाले, धमनी नाही राहत. नको असलेल्या आठवड्यात ती आवळते, हव्या असलेल्या आठवड्यात तिला परत रुंद होता येत नाही. निळी अजून आत जाळी बसवावी इतकी दबलेली नाही, तेव्हा आता उपाय एकच. आजपासून गोळी न चुकता. निळी वाट मोकळी व्हायला तीन महिने लागतील आणि तोवर धोका आहेच. दुखलं की फवारा मारायचा आणि कोणाची वाट न बघता इथं यायचं. मग ते थांबले. बाहेर बसलेल्या मुलीला मी काही सांगणार नाही, ते म्हणाले, ते माझं काम नव्हे.

वैजू बाहेर बाकावर बसली होती. हातात फोन होता. संध्याकाळच्या आत गोव्याला उत्तर जायला हवं होतं आणि ती तेच लिहीत होती. साहेब तिच्या शेजारी बसले. उठले. पाण्याच्या यंत्रापर्यंत गेले, पाणी न पिता परत आले आणि पुन्हा बसले.

"ते पाठवू नकोस," ते म्हणाले.

"तात्या, आता हा विषय नको. तुम्ही पडून राहा जरा."

"वैजू, गोळी मी घेत नव्हतो. एप्रिलपासून. दोन आठवडे घ्यायची, दोन आठवडे कुंडीत."

तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. साहेब भराभर बोलत सुटले. नदीचं सांगितलं, कालव्याचं सांगितलं आणि तिथं थांबता आलं असतं. तेवढ्यावर ते एक म्हातारं, हट्टी, अर्धवट शहाणं माणूस ठरले असते आणि वैजू रागावून, हसून, घरीच राहिली असती. हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण ते थांबले नाहीत.

"एप्रिलात कालव्यासाठीच करत होतो, असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "जूनपासून तसं नव्हतं. जूनपासून तू जाऊ नयेस म्हणून."

समोरून एक बाई पाळण्यातलं मूल घेऊन गेली. वैजू तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा रागानं लाल वगैरे झाला नाही; तो नुसता उतरला, आणि तिचं वय एकदम दिसायला लागलं. मग तिनं एकच विचारलं.

"आज सकाळचं दुखणं खरं होतं?"

"खरं होतं. पण मीच आणलेलं होतं."

ती उठली आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली. पाठमोरीच तिनं फोनवर लिहिलेलं पुसलं आणि दुसरं लिहिलं. काय लिहिलं हे विचारायची साहेबांची छाती झाली नाही. घरी जाताना रिक्षात मदनेसुद्धा बोलला नाही, आणि मदने न बोलता गाडी चालवतो हे फलटणच्या रस्त्यांनी प्रथमच पाहिलं असावं.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. वैजू वेळेवर जेवायला वाढायची, वेळेवर कॉलेजला जायची, सामान बांधायची. भांडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. डबीची खूण तिनं फोनवरून काढून टाकली. तुमची गोळी तुमच्याकडे, एवढंच म्हणाली. साहेब रोज सकाळी गोळी खरोखर गिळायचे आणि ते कोणाला दाखवता येत नसल्यामुळे कासावीस व्हायचे. एकदा त्यांनी तिला सांगायचा प्रयत्न केला की तू गेल्यावर मला या घरात आवाज कोणाचा येणार, एवढीच भीती होती. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की हे तुम्ही त्या एप्रिलच्या रात्री भाकरी मोडताना म्हणाला असतात, तर मी तेव्हाच थांबले असते, आणि खुशीनं थांबले असते. आता नाही थांबता येत. हे ती अगदी साधेपणानं म्हणाली.

वास्कोची गाडी फलटणच्या स्थानकावरून दुपारी निघायची. मदन्यानं सामान चढवलं आणि तो पाण्याची बाटली आणायला गेला. वैजू साहेबांच्या पाया पडली, तीही घाईघाईत, जरा परक्यासारखी. मग काहीतरी मनात येऊन थांबली.

"जहाजावरून रविवारीच फोन लागतो," ती म्हणाली. "मी करीन. आणि तात्या, विचारलं की खरं सांगायचं. बरं असलं तरी आणि नसलं तरी."

"सांगीन," साहेब म्हणाले.

ती गाडीत चढली, आणि ती आत आपली जागा शोधत असताना त्यांच्या जबड्यात कळ आली.

आधी त्यांना ती खोटी वाटली. आपलं मन आपल्याला फसवतंय, जाणाऱ्या पोरीला उतरवायचा हा शेवटचा डाव आहे, असंच वाटलं. पण खांदा जड झाला, घाम सुटला, आणि घाम काही मनानं येत नाही. त्यांनी फलाटाचा कठडा धरला. काच हातभर अंतरावर होती. एक हाक मारली की झालं असतं. तीच हाक त्यांनी पाच महिने खोटी मारली होती. आज खरी मारायची वेळ आली तर तिची किंमत त्यांनीच घालवून ठेवली होती. आणि समजा तिनं विश्वास ठेवलाच, तर? तर ती उतरेल. सामान उतरवेल, आलंच हं म्हणत हात धरेल, आणि मग पुढे कधीच जाणार नाही. डॉक्टर काय म्हणाले होते? फवारा मारायचा आणि कोणाची वाट न बघता यायचं. वैजू लागते असं ते म्हणाले नव्हते.

वैजूला जागा सापडली. तिनं काचेतून पाहिलं आणि हात वर केला. साहेबांनी कठड्यावरचा एक हात सोडवला आणि वर केला. गाडीला चालक नव्हता. जरा थांबा म्हणून ज्याला सांगावं, ज्यानं उशीर करावा, असं कोणी नव्हतं. वेळ झाली तशी ती हलली आणि वळणाआड गेली.

मग त्यांनी खिशातला फवारा काढून जिभेखाली मारला. मदने बाटली घेऊन धावत येत होता, गाडी गेली की साहेब, बाटली राहिली की, म्हणत होता.

"राहू दे बाटली," साहेब म्हणाले. "दवाखान्यात घे. बाकीचं नंतर विचार."

मदन्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीही न विचारता रिक्षा दामटली. साहेबांना वाटेत मरणाची भीती वाटली, मनापासून वाटली. हात धरायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी पुढच्या दांडीला धरलं. डॉ. काझींनी त्याच तासाभरात मनगटातून बारीक नळी आत घालून दबलेली जागा फुगवली आणि तिथं जाळी बसवली. साहेब शुद्धीवरच होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, मुलीला कळवायचं का? गाडी अजून कोल्हापूरच्या अलीकडेच असेल. साहेब म्हणाले, रविवारी मी सांगणार आहे.

रविवारी फोन आला तेव्हा ते दवाखान्यातच होते. वैजूच्या आवाजामागे वारा होता आणि कसलातरी सतत घरघरणारा आवाज. ती आधी भरभर बोलली. जहाज काल सुटलं, खोली लहान आहे, बरोबरची बंगाली मुलगी झोपेत बोलते. मग तिनं विचारलं.

"तुम्ही कसे आहात?"

साहेबांनी सांगितलं. स्थानक, कळ, फवारा, मदन्याची रिक्षा, जाळी. खात्याच्या अहवालासारखं, काही न गाळता सांगितलं.

"गाडी सुटल्यावर दुखलं, का आधी?"

"आधी. तू जागा शोधत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू उतरली असतीस."

फोन तुटला की काय म्हणून साहेबांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. तुटला नव्हता.

"तात्या, मी उतरले नसते," वैजू म्हणाली. "तुम्ही हाक मारली असतीत ना, तर मला वाटलं असतं, पुन्हा खोटं. मी काचेतून हात केला असता आणि निघून गेले असते."

आणि मग ती रडायला लागली. अकरा वर्षांचं रडणं होतं ते. बायपासच्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. साहेब ऐकत राहिले. रडू नकोस असं ते म्हणाले नाहीत, कारण तसं म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय असं त्यांना वाटेना. तिचा आवाज जरा शांत झाल्यावर ते एवढंच म्हणाले, की आता दुखत नाही.

खरंच का, असं तिनं विचारलं. खरंच, ते म्हणाले. तिनं पुन्हा एकदा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.